‘सेत्ते’ म्हणजे सात

परभणीहून पूर्णेकडे जाताना वाटेत पिंगळी लागतं. ते माझं गाव. जमीन काळीभोर. पावसाळ्यात बैलाचा पाय घोट्यापर्यंत रुतावा आणि उन्हाळ्यात भेगांमध्ये हात जावा, अशी. ज्वारी, कापूस, तूर आणि अलीकडे सोयाबीन, ही आमची पिकं. द्राक्षं आमच्या लहानपणी घरात यायची ती कोणी आजारी पडलं तर. त्यात घर माळकरी. तेव्हा मी आज तांबड्या वाइनविषयी बोलणार आहे, हे ऐकून आमच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या भुवया वर जातील. त्यांना आधीच सांगतो, चवीबद्दल मी काही बोलणार नाही. तो माझा प्रांत नाही. मी इतिहास शिकवण्यात आयुष्य घालवलं, आणि एका बाटलीमागचा इतिहास मला फार दिवस स्वस्थ बसू देत नव्हता, तो सांगणार आहे.

त्या बाटलीची आणि माझी गाठ पडली ती वारीमुळे. निवृत्तीनंतर एका वर्षी मी तुकोबांच्या पालखीबरोबर चाललो. सराटीला नीरेत पादुकांना स्नान झालं, नदी ओलांडून आम्ही सोलापूर जिल्ह्यात शिरलो आणि अकलूजला आलो. गोल रिंगण झालं. रात्री मुक्कामाला आमच्या दिंडीतला माळशिरस तालुक्यातला एक शेतकरी सहज म्हणाला, ‘‘माउली, इथून जवळच मोटेवाडीच्या माळावर इटलीच्या माणसांनी द्राक्षं लावलीत. खायची नव्हेत, वाइनची.’’ मी हसण्यावारी नेलं. अकलूज म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो ऊस, शंकरराव मोहिते-पाटलांनी उभा केलेला सहकारी साखर कारखाना आणि नीरेचं पाणी. तिथे इटली कुठून आली?

पुढे एका हिवाळ्यात मुद्दाम जाऊन तो मळा पाहिला. चढउताराचं मुरमाड रान, त्यावर तारांवर चढवलेल्या वेलींच्या लांबच लांब रांगा, प्रत्येक रांगेखालून ठिबकची काळी नळी. रानाच्या कडेला वाइनरीची इमारत. नाव ‘फ्रातेल्ली’. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ ‘भाऊ’.

हे भाऊ म्हणजे भावांच्या तीन जोड्या. इटलीतले अलेस्सियो आणि आंद्रेआ सेच्ची, दिल्लीचे कपिल आणि गौरव सेखरी, आणि अकलूजच्या मोहिते-पाटील घराण्यातले रणजितसिंह आणि अर्जुनसिंह. २००६-०७ च्या सुमारास हे सहाजण एकत्र आले. त्यांच्याबरोबर सातवा माणूस होता पिएरो मासी, इटलीतल्या तोस्काना प्रांतातला, म्हणजे आपण ज्याला टस्कनी म्हणतो तिथला, मुरलेला वाइनकर्ता. फ्रान्समधून सुमारे साडेतीन लाख कलमं आणली गेली. डझनभर जाती होत्या, आणि मोटेवाडी, गारवाड, निमगाव या भागांत मिळून सुमारे २४० एकरांवर त्या लागल्या. २०१० च्या सुमारास त्यांच्या बाटल्या बाजारात येऊ लागल्या. त्यांतल्या सगळ्यांत मानाच्या तांबड्या वाइनचं नाव ठेवलं ‘सेत्ते’. सेत्ते म्हणजे सात. सहा भाऊ आणि सातवा मासी.

ही सेत्ते एका जातीच्या द्राक्षाची नाही. ती दोन जातींचं मिश्रण आहे. एक ‘सांजोवेसे’, तोस्कानाचं घरचं द्राक्ष. दुसरं ‘काबर्ने सोविन्यों’, मूळचं फ्रान्सचं. पहिल्यात आंबटपणा आणि वास, दुसऱ्यात गडद रंग आणि तुरटपणाची ताकद. दोन्ही वेगवेगळ्या वेळी पिकतात, वेगवेगळी आंबवतात, ओक लाकडाच्या पिंपांत मुरवतात आणि मग प्रमाण ठरवून एकत्र करतात. द्राक्षाचा गर बहुधा फिका असतो. रंग आणि तुरटपणा सालीत असतो. म्हणून तांबड्या वाइनचा रस सालींसकट आंबवावा लागतो. आपल्याकडे गोडा मसाला करताना प्रत्येक जिन्नस निराळा भाजून घेतात आणि शेवटी एकत्र करतात, तसंच काहीसं हे आहे.

वाचणाऱ्याला यात विशेष काही वाटणार नाही. दोन द्राक्षं एकत्र केली, झालं. पण हीच जोडी एकत्र आणण्यासाठी तोस्कानामध्ये एका घराण्याला आपल्या मुलखाचं नाव सोडावं लागलं होतं. ती गोष्ट समजली, तेव्हा मला अकलूजच्या बाटलीचा अर्थ लागला.

तोस्कानामध्ये फ्लॉरेन्स आणि सिएना या शहरांच्या मधे ‘क्यांती’ नावाचा डोंगराळ पट्टा आहे. १७१६ साली तिथल्या ग्रँड ड्यूक तिसऱ्या कोसिमोने हुकूम काढून या पट्ट्याच्या सीमा आखून दिल्या. पुढे एकोणिसाव्या शतकात तिथे बेत्तिनो रिकासोली नावाचा एक जमीनदार होऊन गेला. मोठा कडक माणूस. इटली एक झाल्यावर १८६१ साली काव्हूरच्या मृत्यूनंतर तो देशाचा पंतप्रधान झाला. पण त्याचा जीव होता तो ब्रोलियोच्या गढीत आणि भोवतीच्या वेलींत. अनेक वर्षं प्रयोग करून १८७२ साली त्याने पिसा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाला पत्र लिहिलं आणि क्यांती कशी असावी ते सांगितलं. वास आणि जोम सांजोवेसेचा. त्याचा कडकपणा मऊ करायला कानायोलो नावाचं दुसरं काळं द्राक्ष. आणि थोडं माल्वाझिया, हे पांढरं द्राक्ष, वाइन हलकी व्हावी म्हणून. पण त्याने पुढे एक गोष्ट स्पष्ट केली होती : जी वाइन साठवून मुरवायची आहे, तिच्यात हे पांढरं द्राक्ष नसलेलंच बरं. रोजच्या जेवणाबरोबर लगेच प्यायची असेल, तर ठीक.

आता कायद्याची गंमत पाहा. १९६७ साली इटलीच्या सरकारने क्यांतीचे नियम पक्के केले. त्यात पांढरी द्राक्षं दहा ते तीस टक्के घालणं सक्तीचं झालं. रिकासोलीची कृती कायद्यात आली, पण त्याने दिलेली सूट गाळली गेली. कारण सरळ आहे. तोवर त्या डोंगरांत पांढरी द्राक्षं अमाप लावलेली होती. त्यांतलं त्रेब्बियानो भरपूर उतारा देतं. तेव्हा ती कुठेतरी खपली पाहिजेत.

ती इतकी का लावली होती, याचं उत्तर आमच्या मराठवाड्यातल्या माणसाला चटकन समजेल. तोस्कानाची शेती शेकडो वर्षं ‘मेझ्झाद्रिया’ पद्धतीने चालत होती. ‘मेझ्झो’ म्हणजे अर्धा. जमीन मालकाची, राबायचं कुळाने, आणि येईल ते अर्धं अर्धं. आपण ज्याला बटई किंवा अर्धेली म्हणतो, तीच ही पद्धत. अर्धेलीवाल्या कुळाला वाइनच्या नावलौकिकाशी काय देणंघेणं? त्याला घरातली तोंडं भरायची. म्हणून तो एकाच रानात गहू पेरी, बांधाला ऑलिव्ह लावी, झाडांवर वेल चढवी. जसं आपण ज्वारीत तूर आणि अंबाडी टाकतो. एक बुडालं तर दुसरं हाताशी असावं, हा हिशेब. आणि वेल लावायचा तोही भरपूर घड देणारा. त्या रानातलं काळं-पांढरं सगळं एकाच पिंपात जाई. म्हणजे क्यांतीच्या मिश्रणात चवीइतकीच गरिबीही मिसळलेली होती. १९६४ साली इटलीने कायदा करून नवे अर्धेलीचे करार बंद केले. कुळं तर त्याआधीपासूनच शहरांतल्या कारखान्यांकडे निघाली होती. गढ्या राहिल्या, राबणारे हात गेले. मग मालकांपुढे प्रश्न उभा राहिला, की आता वेली लावायच्या तर कुठल्या, आणि कशासाठी?

आंतिनोरी घराण्याने या प्रश्नाला उत्तर दिलं. हे फ्लॉरेन्सचं जुनं घराणं. १३८५ साली त्यांचा एक पूर्वज वाइनवाल्यांच्या व्यापारी संघात दाखल झाला, तेव्हापासून त्यांचा हा धंदा. त्या शतकाची आणखी एक खूण सांगतो. त्याच्या काही दशकं आधी इब्न बतूता दौलताबादला आला होता आणि तिथल्या द्राक्षांना आणि डाळिंबांना वर्षातून दोनदा बहर येतो, असं त्याने लिहून ठेवलं आहे. म्हणजे द्राक्ष आमच्या मराठवाड्यालाही परकं नव्हतं.

१९६६ साली पिएरो आंतिनोरीने घरचा कारभार हाती घेतला. क्यांतीच्या पट्ट्यातच त्यांचा ‘तिन्यानेल्लो’ नावाचा मळा आहे. १९७० साली त्या एका मळ्याची वाइन त्यांनी क्यांती म्हणूनच वेगळी भरली. पण १९७१ च्या हंगामापासून त्यांनी क्यांती हे नाव सोडलं आणि बाटलीवर फक्त मळ्याचं नाव घातलं. १९७५ पासून पांढरं द्राक्ष पूर्णपणे बंद झालं. सांजोवेसेच्या जोडीला काबर्ने आलं आणि लहान ओक पिंपांत मुरवणं सुरू झालं. जाकोमो ताकिस हा त्यांचा जाणता वाइनशास्त्रज्ञ या सगळ्यामागे होता. कायद्याच्या दृष्टीने ही वाइन आता ‘विनो दा ताव्होला’, म्हणजे साधी जेवणाची वाइन, सगळ्यांत खालची पायरी. पण किंमत मात्र वरच्या पायरीवरच्या बहुतेक वाइनपेक्षा जास्त. इतरांनीही तोच रस्ता धरला, आणि अशा वाइनना पुढे जगाने ‘सुपर टस्कन’ म्हणायला सुरुवात केली.

शेवटी कायद्यालाच माघार घ्यावी लागली. १९९२ साली अशा वाइनना बसवता येईल अशी नवी पायरी तयार झाली. १९९६ पासून क्यांती क्लासिको निव्वळ सांजोवेसेची करायला मुभा मिळाली, आणि २००६ च्या हंगामापासून तर पांढऱ्या द्राक्षाला तिथे बंदीच आली. ज्याची सक्ती होती, त्याचीच बंदी झाली. रिकासोलीचं म्हणणं सव्वाशे वर्षांनी खरं ठरलं, असं म्हणायला हरकत नाही.

म्हणजे सांजोवेसे आणि काबर्ने ही जोडी मासींसाठी नवी नव्हती. तोस्कानामध्ये भांडून मिळवलेली ती जोडी होती. ती अकलूजच्या मुरमावर आली, तेव्हा इथे तिला अडवणारा असा नियम कुठलाच नव्हता. इथला प्रश्न निराळा होता, आणि तो ऋतूंचा होता. तोस्कानामध्ये हिवाळ्यात वेल झोपते, पानं गळतात आणि वसंतात ती जागी होते. आपल्याकडे तिला झोप नाही. म्हणून आपला द्राक्षबागायतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो, त्यातून काडी तयार होते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी करतो, त्यातून घड येतात. तिकडे ज्या महिन्यांत तोडणी चालते, त्याच महिन्यांत इकडे छाटणी. इकडची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये, ऊन चढायच्या आत. आयुष्यभराचं पंचांग उलटं करून शिकणं या वयात सोपं नाही. त्याबद्दल मला त्या माणसाचं कौतुक वाटतं.

मी तिथे विचारलं, की इतकी चांगली काळी जमीन जवळपास असताना हे मुरमाड रान कशाला? उत्तर मिळालं, की वाइनच्या वेलीला सुख मानवत नाही. काळ्या जमिनीत पाणी धरून राहतं, वेल पानावर जाते, घड मोठे होतात आणि रस पातळ होतो. मुरमात पाण्याचा निचरा होतो, मणी लहान राहतो, साल जाड होते आणि गुण तर सालीतच. पिंगळीचा माणूस हे ऐकून जरा हिरमुसला होणारच. पण मला त्यातून आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती माझ्या घरातली होती.

माझा एक मावसभाऊ नाशिक जिल्ह्यात असतो. तिथे त्याची पाच एकर बाग. ऐंशीच्या दशकात शामराव चौगुल्यांनी नारायणगावला वाइन सुरू केली होती, नव्वदच्या शेवटी राजीव सामंतांनी नाशिकला ‘सुला’ काढली. मग २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण जाहीर केलं. करांत सवलती दिल्या, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले. वाइनरी भराभर उभ्या राहिल्या. भावाने एका कंपनीशी करार केला आणि दोन एकर थॉम्पसन काढून शिराझ लावली. दर ठरलेला, कलमं त्यांनी दिलेली. पहिली दोन वर्षं पैसे वेळेवर आले. त्याने घराला स्लॅब टाकला.

२००८ च्या अखेरीस जगभर मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली आणि वाइनचा खप घसरला. टाक्या आधीच्याच मालाने भरलेल्या. कंपनीने माल उचलला नाही. फोन उचलले, मग तेही बंद झालं. माल बागेत पिकून उभा. इथे समजून घ्यायला हवं, की खायचं द्राक्ष बाजारात पडलं, तर त्याचा बेदाणा करता येतो. वाइनचं द्राक्ष एवढंसं, बियांनी भरलेलं, जाड सालीचं. ते ताटात चालत नाही, बेदाण्याला चालत नाही. त्याला गिऱ्हाईक एकच, आणि त्याने पाठ फिरवली की दुसरा दरवाजा नाही. भावाने पुढच्या वर्षी कुऱ्हाड घातली. त्या काळात असं करणारा तो एकटा नव्हता.

तोस्कानाचं कूळ अर्धेलीने राबत होतं, पण त्याच्या अर्ध्या वाट्यात गहू होता, तेल होतं. माझ्या भावाच्या करारात सगळी जोखीम त्याची आणि कागद मात्र कंपनीचा. म्हणून मला वाटतं, की वाइनच्या इतिहासात ‘कुठली द्राक्षं मिसळली’ याच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे, की वेल कुणाची आणि पिंप कुणाचं? तिन्यानेल्लोत वेल आणि पिंप एकाच घरचे होते. म्हणून आंतिनोरींना नाव सोडायचं धाडस करता आलं. चार वर्षं कमी पैसे आले, तरी वेल उपटावी लागली नाही. अकलूजच्या भावांनीही सुरुवातीपासून स्वतःच्या बागा उभ्या केल्या. मंदी आली तेव्हा त्यांच्याही वेली कोवळ्या होत्या. पण त्यांचं द्राक्ष उचलायला दुसरा कोणी यायचा नव्हताच. अर्थात त्यासाठी पदरी भांडवल लागतं, आणि जमीन लागते. दोन एकरवाल्याला हा मार्ग सांगणं म्हणजे भुकेल्याला उपासाचं महत्त्व सांगणं. ते मी करणार नाही.

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. शेतकऱ्याला भाव मिळेल, असं कारण दिलं गेलं. अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला, विरोध झाला आणि तो निर्णय बाजूला पडला. त्या दिवसांत वाइन ही दारू की नाही, यावर पुष्कळ वाद झाला. माळकरी म्हणून माझं मत मला आहे, ते माझ्यापाशी. पण इतिहासाचा शिक्षक म्हणून एक गोष्ट खटकली. शेतकऱ्याचं नाव सगळेच घेत होते. उद्या बाटली खपली नाही, तर बागेतला माल कोण उचलणार, हे मात्र फारसं कोणी विचारत नव्हतं. खप वाढला म्हणजे भाव आपोआप शेतापर्यंत पोचतो, असं तोस्कानाच्या इतिहासातही दिसत नाही.

मोटेवाडीहून परतल्यावर मी भावाला भेटायला गेलो. त्याच्या विहिरीच्या काठाला शिराझचा एक वेल अजून आहे. कुऱ्हाड घालताना तो तेवढा राहिला. त्याचे घड कोणी तोडत नाही, बुलबुल खातात. मी त्याला सात जणांची गोष्ट सांगितली, सांजोवेसेची सांगितली, रिकासोलीच्या पत्राचीही सांगितली. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं :

‘‘दादा, त्यांचा माल घेतो कोण?’’

‘‘कोणी नाही रे. बागही त्यांची, पिंपंही त्यांचीच.’’

‘‘मग बरोबर आहे,’’ तो म्हणाला, आणि मोटर सुरू करायला विहिरीकडे गेला.